उभी असताना की पळताना?

ओम्नीचं इंजिन असतं सीटखाली.
म्हणून काट्याच्या आधी मला कळतं.
नवले पुलाच्या अलीकडे, भर बाराच्या उन्हात,
मांडीखालून धग चढत आली
आणि मग काटा निघाला लाल रेघेकडे,
हळू, पण ठरवून.

मागे अकरा पोरं. परवान्यावर आठ.
गाडी कडेला घेतली, पोरं होर्डिंगच्या सावलीत उभी केली.
झाकण लगेच उघडायचं नाही एवढं मला येतं,
उजव्या मनगटावर त्या धड्याचा डाग आहे.
अर्धा तास. पोरांनी पाण्याचे टँकर मोजले, सतरा झाले.
मग ओलं फडकं, पाव वळसा,
फुस्स,
थांबले,
अजून पाव.
आत पाणी नव्हतंच.
बाटल्या घेऊन पोरं रांगेत आली,
प्रार्थनेला नसते इतक्या शिस्तीत.
हुमेराच्या बाटलीत कोकम सरबत होतं
हे तिनं घराशी उतरताना सांगितलं.

तांबट आळीत दिगंबर करडे.
आजोबांनी बंब ठोकले, वडिलांनी बंब ठोकले,
हा रेडिएटर डागतो.
"बंबच की," म्हणतो, "फक्त उलटा.
तिथं पाणी तापवायचं, इथं निववायचं."
हात पुसत पहिला प्रश्न:
"तापते कधी? उभी असताना की पळताना?"

मी उत्तरच शोधत राहिले.
पाचला उठून डबे, सहाला पहिली फेरी,
साडेबाराला दुसरी, मधे बँकेची रांग...
"गाडी म्हणतोय मी, ताई."
उभी असताना तापली तर पंखा बघायचा.
पळताना तापली तर पाणी फिरत नाही.
"दोन्ही," म्हटलं.

पंख्याला थेट बॅटरीची वायर दिली. फिरला.
थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात सोडला,
उकळी फुटायच्या जरा आधी त्यानं डोळा उघडला.
"हे शहाणं आहे," करडे म्हणाला, आणि बाजूला ठेवलं.
पट्टा, होज, पंप.
ऑइलची पट्टी काढून उजेडात धरली:
दुधाळ नाही. गॅस्केट वाचलं. माझे पंधरा हजार वाचले.
मग रेडिएटरवर तळवा फिरवला,
आजारी पोराच्या कपाळावर फिरवतात तसा.
"वर चटका. खाली डावीकडे गार.
इथवर पाणी पोचतच नाही."

टाकी सुटी केली. नळ्यांत चुना,
पांढरा, थरावर थर.
"पाणी कुठलं घालता?"

दर रविवारी. न चुकता.
तुळशीला घालून उरलेलं,
धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या बोअरचं,
ज्यानं गिझरची कॉइल दोनदा खाल्ली, माझ्या डोळ्यांदेखत.
तेव्हा गिझरच्या कंपनीला शिव्या दिल्या होत्या मी.
गाडीची मात्र काळजी घेत होते.

करडे काही बोलला नाही.
पातळ पट्टी घेऊन बसला, एकेक नळी,
पलीकडून उजेड दिसेपर्यंत.
मी स्टुलावर. शेजारी कुणी परात ठोकत होतं.
कथलाचा वास नाकात, खाली पडत चाललेली भुकटी,
माझे सगळे रविवार.
शेवटी हिरवं कूलंट ओतताना एवढंच म्हणाला,
"आता डिस्टिल्ड वॉटर. दुसरं काही नाही.
गंगासुद्धा नाही."

आज पुलाखाली बारा मिनिटं अडकलो.
काटा अर्ध्याच्या खाली, बसलेला.
तरी मी बघतेच.
हुमेरा मागून विचारते,
"मावशी, माझ्या सरबतानं काय बिघडलं?"
"बिघडलं?" मी म्हणते, "बाकीच्या नळ्या बुजल्या होत्या,
एकच स्वच्छ निघाली. तुझीच."

हे खोटं आहे.
उद्या ती दोन बाटल्या आणणार.